बोयाची खानेसुमारी

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. ‘सर, आलूला मराठीत बटाटा का म्हणतात?’ पूर्वी मी ‘पोर्तुगीजांकडून आला शब्द’ एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळायचो. एका वर्षी एका मुलीने विचारलं, ‘मग पोर्तुगीजांना कुणी दिला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की शब्द कॅरिबियन समुद्रातल्या ताईनो लोकांचा आहे. त्यांच्या भाषेत बटाटा म्हणजे खरं तर रताळं. स्पॅनिश खलाशांनी शब्द उचलला, पोर्तुगीजांनी तो इकडे आणला, आणि वाटेत तो रताळ्यावरून उठून दुसऱ्याच कंदाला चिकटला.

म्हणजे आपल्या वडापावातला शब्द ज्यांचा, ते लोक कुठे गेले? याच्या मागे लागून मी एका गावापर्यंत पोचलो. गाव मी पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यताही नाही. नाव बोया. डोमिनिकन रिपब्लिक या देशात, राजधानी सांतो दोमिंगोच्या उत्तरेला मोन्ते प्लाता नावाचा प्रांत आहे, त्यात हे गाव येतं. सरकारी भाषेत तो ‘म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट’ आहे. त्या देशात प्रांताखाली नगरपालिका आणि काही नगरपालिकांच्या पोटात असे छोटे डिस्ट्रिक्ट, ही व्यवस्था आहे. देशभरात ते दोनशेहून जास्त आहेत. प्रत्येकाचा एक निवडून आलेला संचालक आणि दोन-चार सभासद. आपल्या ग्रामपंचायतीसारखं समजा, फक्त डोक्यावर नगरपालिका बसलेली.

बोयात पाहण्यासारखं म्हणाल तर वसाहतकाळातलं एक दगडी चर्च, पवित्र पाण्याच्या माउलीच्या नावाचं. बाकी उष्ण हवा, शेती, गुरं. पण डोमिनिकन माणसाला बोया म्हटलं की एकच आठवतं: इथे शेवटचे ताईनो राहिले.

खरंच राहिले का, हा वादाचा मुद्दा आहे. त्यावर नंतर येतो. आधी आकड्यांचं बोलू, कारण या गावाची गोष्ट मुळात माणसं मोजण्याची गोष्ट आहे. आणि माणसं मोजण्याचं काम मी स्वतः केलेलं आहे. 2011च्या जनगणनेत आमच्या शाळेतले बरेच शिक्षक प्रगणक होते, मीही होतो. फेब्रुवारीच्या उन्हात वस्ती पालथी घातली. एका घरात आजी नातवाशी अस्सल कोकणीत बोलत होती. मी विचारलं, मातृभाषा? ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘उर्दू लिहा.’ मी उर्दू लिहिलं. नियमाप्रमाणे माणूस सांगेल ते लिहायचं असतं. पण त्या दिवसापासून कुठल्याही जनगणनेचा आकडा दिसला की मला ती आजी आठवते.

मराठीत जनगणनेला जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी, दोन्ही फारसी. पेशव्यांचे कारकून हाच शब्द वापरायचे. घरं आणि माणसं मोजायची कशाला? कर बसवायला, वेठ लावायला, फौज उभी करायला. हिस्पॅनिओला बेटावर स्पॅनिश लोकांनी माणसं मोजली ती वाटून घेण्यासाठी.

कोलंबस 1492 साली या बेटावर उतरला. हिस्पॅनिओला म्हणजे आज ज्याच्या पश्चिमेला हैती आणि पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक आहे ते बेट. त्याच वर्षी जानेवारीत ग्रनाडा पडलं होतं. आपल्याकडे अंदलुसवर हळहळणारे लेख पुष्कळ लिहिले जातात, पण ग्रनाडाच्या त्याच विजेत्यांनी पुढच्या वीस वर्षांत समुद्रापलीकडे काय केलं, याच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. निकोलास दे ओवान्दो 1502 साली गव्हर्नर म्हणून आला. दुसऱ्याच वर्षी त्याने हारागुआच्या सरदारांना मेजवानीच्या निमित्ताने एका घरात जमवलं, घर पेटवून दिलं आणि त्यांची राणी आनाकाओना हिला फाशी दिलं. उरलेल्या लोकांना ‘एन्कोमिएन्दा’ पद्धतीने वाटून टाकलं. म्हणजे या वसाहतवाल्याला इतके ताईनो, त्याला तितके. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि त्यांनी त्याच्यासाठी सोनं काढायचं. कागदावर ते गुलाम नव्हते.

1508च्या मोजणीत साठ हजार ताईनो होते. 1514 साली रोद्रिगो दे आल्बुर्केर्केने नव्याने वाटप केलं तेव्हा सव्वीस हजारांच्या आसपास. सहा वर्षांत निम्म्याहून कमी. 1514ची यादी आजही शाबूत आहे. कुठल्या सरदाराची किती माणसं, त्यांत काम करणारी किती, म्हातारी किती, मुलं किती आणि कुणाच्या वाट्याला किती, असं सगळं तपशिलाने लिहिलंय. त्यात मुलांचे आकडे फार लहान आहेत. खाणीत नेलेले पुरुष महिनोन्‌महिने घरी येत नव्हते, शेतं ओस होती, बायका उपाशी होत्या. 1518च्या अखेरीस देवीची साथ आली, तोवर हा समाज आतून मोडलेलाच होता. ‘रोगाने मेले’ असं पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. पण रोग येण्याआधीची यादी वेगळं सांगते. 1548च्या सुमारास इतिहासकार ओव्हिएदोने लिहिलं की बेटावर पाचशेही मूळ रहिवासी उरले नसतील.

सुरुवातीला किती होते? बार्तोलोमे दे लास कासास हा पाद्री म्हणतो तीस लाख. हा लास कासास आधी स्वतःच एन्कोमिएन्दावाला होता, मग मन पालटलं आणि आयुष्यभर मूळ रहिवाशांची वकिली केली. त्याचा आकडा किती तरी वर्षं चालला. 2020च्या अखेरीस ‘नेचर’ नियतकालिकात प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरचा अभ्यास आला. त्याचा अंदाज असा की हिस्पॅनिओला आणि प्वेर्तो रिको मिळून काही दशसहस्र लोक असावेत, लाखो नव्हे. हे वाचून काहींना वाटलं, चला, म्हणजे अत्याचार तेवढा मोठा नव्हता. मला हा युक्तिवाद कधी पटला नाही. लोक थोडे होते असं धरलं, तर उलट जवळजवळ सगळेच संपले असा अर्थ होतो.

आता बोयाकडे. एन्रिकीयो नावाचा एक ताईनो मुलगा होता, मूळ नाव ग्वारोकुया. फ्रान्सिस्कन साधूंकडे वाढला, स्पॅनिश लिहा-वाचायला शिकला. त्याचं लग्न मेन्सिया नावाच्या मुलीशी लागलं. मोठा झाल्यावर तो व्हालेन्सुएला नावाच्या तरुण एन्कोमिएन्दावाल्याच्या वाट्याला गेला. लास कासासने लिहिलंय की त्याने एन्रिकीयोची घोडी हिसकावली आणि बायकोवर हात टाकायचा प्रयत्न केला. एन्रिकीयो न्यायालयात गेला. आधी खालच्या, मग सांतो दोमिंगोतल्या वरच्या. वरच्याने कागद देऊन परत खालच्याकडेच पाठवलं. न्याय मिळाला नाही. 1519 साली तो आपली माणसं घेऊन बाओरुकोच्या डोंगरात शिरला आणि चौदा वर्षं हाती लागला नाही.

आपल्या सह्याद्रीत वाढलेल्याला ही लढाई चटकन समजेल. वाटा ठाऊक, पाणी कुठे ते ठाऊक, धूर दिसू नये म्हणून चुली कुठे पेटवायच्या ते ठाऊक. पाठलागावर आलेल्यांची शस्त्रं घ्यायची, शक्यतो जीव घ्यायचा नाही. दोन वेळा कोर्टाची पायरी चढून मग बंड करणारा हा माणूस मला डोंगरातल्या लढवय्यापेक्षाही जास्त ओळखीचा वाटतो.

या चौदा वर्षांच्या मधेच आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आपल्या वाचकांना सांगायलाच हवी. ताईनो संपत चालले तसे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम आणले जाऊ लागले. त्यांत सेनेगल भागातले वोलोफ लोक बरेच होते. त्या मुलखात इस्लाम पोचलेला होता. 1521च्या नाताळात कोलंबसचा मुलगा दिएगो याच्या मळ्यावर वीसेक गुलामांनी, मुख्यतः वोलोफांनी, बंड केलं. वाटेत आणखी मिळून चाळीसच्या आसपास झाले. ते आसुआच्या दिशेने निघाले, एका गुरांच्या वाड्यावर हल्ला केला, काही स्पॅनिश मारले. घोडेस्वारांनी त्यांना गाठलं. पकडलेल्यांना रस्त्याकडेला फाशी दिलं. काही डोंगरात निसटले. 6 जानेवारी 1522ला गुलामांच्या हालचालींवर आणि हत्यारांवर बंधनं घालणारे नियम निघाले. अमेरिका खंडातल्या अशा नियमांपैकी ते सर्वांत जुने.

या बंडाला ‘अमेरिकेतला पहिला जिहाद’ म्हणणारे व्हिडिओ आणि संदेश मला अनेकांनी पाठवले आहेत. मी नम्रपणे सांगतो, तसं म्हणायला आधार नाही. ते काय घोषणा देत होते, नमाज पढत होते का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. जे लिहिलं ते मारणाऱ्यांनी लिहिलं. ठाम सांगता येतं ते एवढंच, की स्पॅनिश दरबार त्यांच्याकडे मुसलमानांशी संबंधित म्हणून पाहत होता. 1501 सालीच ओवान्दोला हुकूम होता की नव्या मुलखात मूर, यहुदी आणि त्यांच्यातून नव्याने ख्रिस्ती झालेले येऊ द्यायचे नाहीत. बंडानंतर 1526 साली वोलोफांना आणायला बंदी आली आणि 1532 साली तीच पुन्हा घालावी लागली. पुन्हा घालावी लागली, म्हणजे आणणारे आणतच होते. गुलाम स्वस्तात मिळत असेल तर मालक धर्म विचारत बसत नव्हता. ही माणसं उसाच्या गुलामीला कंटाळून उठली, एवढं कारण बंडाला पुरेसं नाही का?

डोंगरात निसटलेल्यांतले काही एन्रिकीयोच्या आसऱ्याला आले. ताईनो आणि आफ्रिकी एकाच डोंगरात लपून राहिले. इथे गोष्ट थांबली असती तर फार सुंदर झाली असती.

1533 साली सम्राट पाचव्या चार्ल्सचं पत्र घेऊन फ्रान्सिस्को दे बार्रिओन्युएव्हो आला आणि तह झाला. एन्रिकीयोला ‘दोन’ ही पदवी, त्याच्या माणसांना स्वातंत्र्य, राहायला जमीन. युरोपी सत्तेने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या नेत्याशी केलेला हा फार सुरुवातीचा करार म्हणून त्याचं कौतुक होतं. पण तहात एक कलम होतं. यापुढे पळून येणाऱ्या आफ्रिकी गुलामांना एन्रिकीयोने पकडून परत द्यायचं. त्याने ते मान्य केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्याच्याजवळ दुसरा मार्ग होता का? चौदा वर्षं डोंगरात काढलेल्या बायका-मुलांना घेऊन तो आणखी किती दिवस राहणार होता? हे सगळं खरं. पण ज्यांना धरून द्यायचं ठरलं त्यांनाही बायका-मुलं होतीच. लास कासासनेही एके काळी ताईनोंना वाचवण्यासाठी आफ्रिकी गुलाम आणा असं सुचवलं होतं, आणि म्हातारपणी त्याचा पश्चात्ताप लिहून ठेवला. एन्रिकीयोला पश्चात्तापाला वेळ मिळाला नाही. 1535 साली तो वारला.

परंपरा सांगते की तहानंतर तो आपल्या लोकांसह बोयात येऊन राहिला आणि तिथल्या चर्चमध्येच त्याला पुरलं. काही इतिहासकारांना हे मान्य नाही. त्यांच्या मते त्याची वसाहत दक्षिणेला आसुआकडे होती आणि बोया हे उरलेल्या ताईनोंना एकत्र करून नंतर वसवलेलं गाव आहे. कागदांचा जोर मला दुसऱ्या बाजूला जास्त दिसतो. पण गावाने आपला एन्रिकीयो सोडलेला नाही. मानुएल दे हेसुस गाल्वानची ‘एन्रिकीयो’ ही कादंबरी 1882 साली पूर्ण स्वरूपात आली आणि तो देशाचा नायक झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या सरोवराला त्याचं नाव आहे. आफ्रिकी बंडखोरांचं नाव मात्र कुठल्याही सरोवराला नाही.

शेजारच्या मोन्ते प्लाताची गोष्टही मोजणीचीच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बेटाच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरचे लोक डच, फ्रेंच, इंग्रज जहाजांशी चोरटा व्यापार करायचे. चामडी द्यायची, कापड घ्यायचं. मालाबरोबर प्रॉटेस्टंट बायबलही यायला लागलं, तसा दरबार बिथरला. 1605-06 साली गव्हर्नर ओसोरिओने किनाऱ्यावरची गावं जाळून लोकांना राजधानीजवळ हाकलत आणलं. मोन्ते क्रिस्ती आणि प्वेर्तो प्लाता इथल्या लोकांचं मिळून नवं गाव झालं, मोन्ते प्लाता. बायाहा आणि यागुआना इथल्यांचं झालं बायागुआना. विस्थापितांच्या दोन गावांची नावं अर्धी-अर्धी कापून जोडलेली! धरणात गेलेल्या गावांच्या पुनर्वसित वसाहतींची नावं आठवा. ओसोरिओने 1606 साली खानेसुमारीही केली. तीत 9,648 गुलाम निघाले. बेटाच्या वसाहतीत आता बहुसंख्य तेच होते.

जाळून मोकळ्या केलेल्या पश्चिम भागात मग फ्रेंच चाचे शिरले, त्यांच्यामागे फ्रेंच मळेवाले. 1697च्या तहात तो भाग फ्रान्सला गेला. तिथे लाखो आफ्रिकी गुलाम आणले गेले आणि त्यांनीच क्रांती करून 1804 साली हैती हा देश उभा केला. म्हणजे सीमेपलीकडचा जो शेजारी डोमिनिकन राज्यकर्त्यांना पुढे नको-नकोसा झाला, तो स्पॅनिश दरबाराच्या बायबलभीतीतून जन्मला. इतिहासात असले विनोद फार आहेत.

विसाव्या शतकात देशाने आधुनिक पद्धतीने माणसं मोजली. पहिली राष्ट्रीय जनगणना 1920 साली, अमेरिकी फौजांच्या ताब्यात असताना झाली. लोकसंख्या 8,94,665. 2022च्या मोजणीत ती सुमारे 1 कोटी 7 लाख होती. पण संख्येपेक्षा रकाने बघा. 1930 ते 1961 त्रुहियो हा हुकूमशहा होता. त्याच्याच हुकमाने ऑक्टोबर 1937 मध्ये सीमेवर हजारो हैतीवंशीयांची कत्तल झाली. त्याच्या काळात ओळखपत्रावर रंगाचा रकाना असे आणि सावळ्या माणसाच्या पुढे ‘इंदिओ’ लिहायचा रिवाज पडला. उजळ इंदिओ, गडद इंदिओ. इंदिओ म्हणजे ताईनोंचा वंशज. ज्यांना चारशे वर्षांपूर्वी जवळजवळ संपवलं, त्यांची संख्या कागदावर एकदम लाखोंनी वाढली. कारण ‘आफ्रिकी’ हा शब्द लिहायचा नव्हता. काळा तो हैतीचा, आपला तो इंदिओ.

ताईनोंचं रक्त अगदीच नाही असं नाही. आईकडून येणाऱ्या डीएनएच्या अभ्यासात शेजारच्या प्वेर्तो रिकोत साठ टक्क्यांच्या आसपास लोकांत मूळ रहिवाशांची खूण सापडली. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हे प्रमाण त्याहून बरंच कमी आहे, पण आहे. म्हणजे ‘शेवटचा ताईनो’ ही गोष्टही पूर्ण खरी नव्हे. त्या रेषा आज्यांकडून आल्या. त्या कोणत्या परिस्थितीत आई झाल्या असतील, ते 1514ची यादी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मला पुन्हा ती कोकणी बोलणारी आजी आठवते. तिने भीतीने नव्हे, मानाने उर्दू सांगितलं होतं. इंदिओ सांगणाऱ्याचं तसंच असेल का? काहींचं असेलही.

मोन्ते प्लाता प्रांतात उसाचे मळे आणि त्यांच्याभोवती ‘बातेय’ आहेत. बातेय म्हणजे तोडणी कामगारांच्या वस्त्या. हा शब्दही ताईनो, मूळ अर्थ चेंडूच्या खेळाचं मैदान. बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या पाहिलेल्यांनी तशीच कल्पना करावी. 1952पासून दोन्ही देशांच्या सरकारांनी करार करून हैतीहून मजूर आणले. त्यांची मुलं इथेच जन्मली, स्पॅनिश बोलत वाढली. संविधान म्हणत होतं, राजदूतांची आणि केवळ वाटेत असलेल्यांची सोडून देशात जन्मलेली मुलं नागरिक.

याच प्रांतातल्या यामासा इथे 1984 साली जन्मलेली, तिथेच जन्मनोंद असलेली एक तरुणी 2008 साली ओळखपत्र काढायला गेली. आडनावं हैतीची दिसतात म्हणून तिचा जन्मदाखलाच ठेवून घेतला गेला. तीही एन्रिकीयोसारखी कोर्टाची पायरी चढली. 23 सप्टेंबर 2013ला संविधान न्यायालयाने निकाल दिला: तिचे आईवडील ‘वाटेत असलेले’ होते, सबब ती नागरिक नव्हेच. आणि हा नियम 1929पासून जन्मलेल्या सगळ्यांना लागू. एका निकालाने दोन लाखांहून अधिक लोकांचं नागरिकत्व जाईल, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. आख्खं आयुष्य ऊस तोडून म्हातारा झालेला माणूस ‘वाटेत’ कसा, हे मला अजून समजलेलं नाही.

जगभरातून टीका झाली, तेव्हा मे 2014 मध्ये कायदा करून लोकांचे दोन गट पाडले. ज्यांची जन्मनोंद होती त्यांना कागद परत मिळायचे. ज्यांची नोंदच कधी झाली नाही त्यांनी आधी परदेशी म्हणून नाव घालायचं, मग नागरिकत्वाचा अर्ज करायचा. जन्मापासून त्याच वस्तीत राहणाऱ्याने ‘मी परदेशी’ असं लिहून सही करायची.

2019च्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या कचेरीत रांग लागायची. आजोबांचं, वडिलांचं नाव जुन्या जनरल रजिस्टरात शोधून दाखला द्या म्हणून. शेख कुठे शेक, कुठे शैख. एकाच माणसाच्या नावात एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर नुसतं ‘मो.’ जन्मतारीख तर बहुतेकांची 1 जून, कारण मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजे लिहिलेली. ती रजिस्टरं काढताना हाताला धूळ लागायची आणि मला 1514च्या यादीतली मुलांची रकानी आठवायची.

‘पोर्तुगीजांना कुणी दिला’ विचारणाऱ्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी नकाशावर बोया दाखवलं. ठिपकाही नव्हता, पेन्सिलीने काढावा लागला. ती म्हणाली, ‘सर, मग ते लोक बटाट्याला काय म्हणायचे?’ मी म्हटलं, त्यांनी बटाटा बघितलाच नव्हता, तो पेरूकडच्या डोंगरातला. त्यांच्याकडे रताळं होतं.